रमण 'येतो' म्हणाला

रमणच्या आईवडिलांनी बारशाची जरा घाईच केली. पाळण्यातल्या पोराकडे बघून स्वभावाचा अंदाज येत नाही हे मान्य, पण जो माणूस आयुष्यात कुठेच रमला नाही त्याला जन्मभर रमण म्हणून हाक मारायची, ही शिक्षा भोगतो आम्ही.

रमण पंपांचा इंजिनियर आहे. एका जागचं पाणी उचलून दुसरीकडे नेऊन टाकायचं हे त्याचं काम, आणि स्वतःच्या बाबतीतही तो तेच करत आला. पुण्यातून मस्कत, मस्कतहून ऑकलंड. ऑकलंडात पापाटोएटोला भाड्याचं घर आणि ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात नोकरी. तिथून हॅमिल्टन, हॅमिल्टनहून लोअर हट. प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात तो छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "बस्स. आता इथेच." पायाला भिंगरी असलेली माणसं मी पाहिली आहेत; रमणच्या बाबतीत भिंगरीलाच पाय फुटले होते.

लोअर हटचं घर त्याने विकत घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं, चला, टेकला एकदाचा. पण त्याच्या गॅरेजमध्ये गाडी कधी मावली नाही, कारण तिथे खोकी होती. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, सगळी घडी घालून भिंतीला उभी. आपल्याकडे कुठल्याही घरात दोनचार रिकामी खोकी सापडतात, "लागतात कधीतरी" म्हणून. रमणला ती खरोखरच लागत. भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे फ्रिजवर आडवं पडलेलं असतं. खिळा मारला की भोक राहतं, म्हणतो. गाडी लावतो तीसुद्धा तोंड रस्त्याकडे करून. जेवतो ओट्याशी उभा राहून.

"बस की रे जरा," त्याची बायको स्नेहलता म्हणते.

"बसलोय की," तो उभ्याउभ्या म्हणतो.

आणि निघताना म्हणतो, "येतो."

आता यात काही विशेष नाही. मराठी माणूस घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. जातो तो कायमचा जातो. बाकीचे सगळे 'येतो' म्हणून निघतात. मस्कतला जायच्या दिवशी विमानाच्या गडबडीत रमणच्या तोंडून आईसमोर चुकून "जातो गं" निघालं होतं. आईने त्याला बॅगांसकट दारातून परत आत घेतलं, पाटावर टेकायला लावलं, पाण्याचा घोट घ्यायला लावला आणि नव्याने म्हणायला लावलं, "येतो." त्याच्या सगळ्या गोष्टींमध्ये ही एकच गोष्ट तो हात न हलवता सांगतो. पुढे तो गेला पुष्कळदा, आला थोडा. शेवटचा आला तेव्हा आई नव्हती.

तर ही 'येतो'ची सवय. पापाटोएटो सोडायच्या आदल्या दिवशी तो तिथल्या किराणा दुकानात गेला आणि निघताना दुकानदाराला सवयीने म्हणाला, "आता हूँ." दुकानदार गुजराती, सरळ माणूस. त्याने रमणसाठी हापूसची पेटी बाजूला काढून ठेवली. मी तेव्हा तिथेच राहायचो. दोन आठवड्यांनी गेलो तर दुकानभर आंबूस वास. "रमणभाई आता हूँ बोल के गए हैं," दुकानदार म्हणाला. पेटीतून एव्हाना पाणी सुटलं होतं. रमणचं हॅमिल्टनला पोचून "बस्स, आता इथेच" म्हणूनही झालं होतं.

पुढे मीही नोकरीसाठी लोअर हटला आलो आणि वर्षभराने शेजारच्या गल्लीत रमण उगवला. म्हणून एप्रिलमध्ये त्याने मला गॅरेजमध्ये बोलावलं ते खोक्यांमागची जळमटं काढायला नाही, हे मला लगेच कळलं.

"जयवंतराव, पर्थ," तो म्हणाला.

"पर्थ काय?"

"नोकरी. खाणीतलं पाणी उपसायचे पंप. मोठं काम आहे. सोमवारी हो-नाही कळवायचंय."

"स्नेहलताला सांगितलंस?"

"सांगतो ना. शनिवारी. अनुष्काला ते दलदलीचं काहीतरी बघायचंय प्रोजेक्टसाठी, टोंगारिरो नॅशनल पार्कात. एका दिवसात जाऊन येऊ. निसर्गात माणूस शांत असतो."

"कोण? ती की तू?"

"तू पण चल."

"मी कशाला?"

"तू असलास की ती ओरडत नाही," रमण म्हणाला आणि खोक्यांना लावायची नवी टेप फळीवर ठेवली.

सांगणं सोपं नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं. स्नेहलताने इतकी वर्षं कुणाची रजा असेल तिथे बदलीवर जाऊन बालवाड्या सांभाळल्या होत्या. याच वर्षी एका ठिकाणी ती कायम झाली. कायम झाल्याच्या आनंदात तिने कुंपणाला फिजोआची, म्हणजे इकडच्या पेरूसारख्या फळाची, रोपं लावली. फिजोआला फळ धरायला काही वर्षं जातात. रमणच्या घरात इतक्या लांबचा बेत कुणी पहिल्यांदाच केला होता. आणि त्यांची मुलगी अनुष्का. पंधरा वर्षांची, पाचवी शाळा. या शाळेत नाव घालताना तिने बापाला विचारलं होतं, "लास्ट वन? प्रॉमिस?" रमण "हो" म्हणाला होता. अनुष्काला मराठी सगळं कळतं. ती उत्तर इंग्रजीत देते, आणि दिलेला शब्द दोन्ही भाषांत लक्षात ठेवते.

शनिवारी पहाटे निघालो. गाडी रमणच चालवणार, कारण दुसऱ्याने चालवली तर त्याला नुसतं बसावं लागतं. तायहापे गावात चहाला थांबलो. या गावाला गमबुटांचा अभिमान आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याचा एक भलामोठा गमबूटच उभा केलाय. त्याच्याजवळ स्नेहलता म्हणाली, "रमण, तुझ्या पायात ते पांढरे जॉगिंगचे बूट आहेत. गमबूट घेऊन टाक इथेच. अनुष्काच्या मिस म्हणाल्यात, फार ओलं असतं."

"एका दिवसासाठी गमबूट? मग ठेवायचे कुठे?"

"गॅरेजमध्ये. खोकी टाकलीस तर जागा होईल."

रमण मुकाट्याने गाडीत जाऊन बसला. म्हणजे इंजिन सुरू करून बसला.

अनुष्काच्या मिस आयर्लंडच्या. त्यांच्या गावाजवळही असंच एक दलदलीचं नॅशनल पार्क आहे म्हणे, आणि त्या वर्गात बाकी काही शिकवोत न शिकवोत, दलदलीबद्दल बोलायला लागल्या की घंटा ऐकू येत नाही त्यांना. गाडीत अनुष्का त्यांचंच सांगत होती: आयर्लंडच्या दलदलींमध्ये शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी पुरून ठेवलेलं लोणी अजून सापडतं. तिथे हवा पोचत नाही, म्हणून काही कुजत नाही.

"फ्रिजशिवाय?" स्नेहलता म्हणाली. "माझी कोथिंबीर चार दिवस टिकत नाही."

"इट्स कॉल्ड अ बॉग, आई."

"बॉग नाही, भोग," रमण म्हणाला आणि एका ट्रकला ओलांडून गेला.

पार्कात पोचलो तेव्हा ऊन होतं. रुआपेहू डोंगराचा माथा ढगातून मधूनच दिसत होता आणि आपल्याला कुणी पाहिलं की काय अशा थाटात पुन्हा आत जात होता. जंगल संपलं आणि उघडं माळरान लागलं. पिवळ्या-तांबड्या गवताचे झुबके, मधे शेवाळाच्या गाद्या, आणि काळ्या चहासारखं पाणी, जे कुठून आलंय आणि कुठे जायचंय याची त्याला काहीच घाई नव्हती. त्यावरून जाणारी लाकडी फळ्यांची वाट, पाय घसरू नये म्हणून वर जाळी ठोकलेली. कडेला पाटी: वाट सोडू नका.

अनुष्का गुडघ्यांवर बसून लाल केसांची चिमुकली रोपं दाखवू लागली. त्यांच्या पानांवर चिकट थेंब असतात, किडा बसला की उठता येत नाही. रमण लांब बघत होता.

"उतार आहे इथे," तो म्हणाला. "एक चर काढला आणि खाली एक पंप ठेवला की आठवड्यात कोरडं होईल."

"बाबा, इट्स अ नॅशनल पार्क."

"हो, पण तरी."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. "स्नेहा, मला जरा—" म्हणाला आणि पुढे म्हणाला, "—तो डोंगर बघ." थोड्या वेळाने पुन्हा, "मी काय म्हणत होतो—" आणि पाणी बाटलीत किती उरलंय ते पाहिलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. मला साक्षीदार म्हणून आणलं होतं, पण गुन्हाच घडत नव्हता. दर दहा पावलांना तो खिशातून फोन काढे, वर धरे, परत ठेवी.

"कुणाचा फोन येणारे?" स्नेहलताने विचारलं.

"छे. कुणाचा नाही."

"मग सिग्नल कशाला हवाय?"

"असावा."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "चला जयवंत, आपण पुढे जाऊ. पुढे बाक आहे म्हणे. याला बाक बघवत नाही." आम्ही दोघं निघालो. बाप-लेक मागे, ती फोटो काढतेय, तो येरझाऱ्या घालतोय, असं सोडून.

बाकावर बसून आम्ही डब्यातले पराठे खाल्ले. बऱ्याच वेळाने अनुष्का आली. एकटीच.

"बाबा कुठाय?"

"बिहाइंड मी. ही सेड ही'ज कमिंग."

थांबलो. रमणच्या वाटणीचा पराठा डब्यात थंड होत होता. रुआपेहू आत गेला तो बाहेर येईना, आणि ढग माळावर उतरायला लागला. आधी लांबचे झुबके गेले, मग जवळचे, मग फळ्यांची वाटच वीसेक हातांवर संपल्यासारखी दिसू लागली.

स्नेहलता उठली. "अनुष्का, नक्की काय म्हणाला तो? शब्द सांग."

"ही सेड, येतो."

"येतो म्हणाला की आलो म्हणाला?"

"येतो. व्हॉट्स द डिफरन्स?"

"अगं बये!" स्नेहलताने डबा बंद केला. "आलो म्हणाला असता तर येणार होता. येतो म्हणाला म्हणजे गेला!"

"बट येतो मीन्स आय'म कमिंग!"

"येतो म्हणजे जातो. आणि आलो म्हणजे अजून निघायचाय, पण येणारे."

अनुष्काने माझ्याकडे पाहिलं, एखादा समजूतदार माणूस या बाजूला आहे का ते बघायला. मी मान हलवली. आई बरोबर सांगत होती. इतकी वर्षं ही भाषा बोलून हे कधी ध्यानात आलं नव्हतं, इतकंच.

"दॅट मेक्स नो सेन्स," ती म्हणाली, पण तोवर आम्ही उलट्या दिशेने चालायला लागलो होतो. स्नेहलता पुढे. "रमण! ए रमण!" ती ओरडत होती, आणि ढग तिचा आवाज शेवाळासारखाच शोषून घेत होता. मध्येच ती हळू आवाजात, स्वतःशीच म्हणाली, "बोलला असता सरळ तर काय बिघडलं असतं."

आधी दिसला तो हात. ढगात वर धरलेला हात, त्यात फोन, चौकातल्या पुतळ्याने धरावा तसा. मग खालचा रमण. वाटेपासून पाचसहा हातांवर एक उंचवटा होता. तिथे सिग्नल मिळेल असं त्याला वाटलं असावं. उंचवट्यापर्यंत तो पोचला नव्हता. एक पाय गुडघ्याच्या वर आत, दुसरा गुडघ्यापर्यंत. रमणने आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पाय रोवले होते.

"किती हाका मारल्या," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते. "वाऱ्यावर गेल्या सगळ्या. काढा मला. हा पाय काढला की तो जातो, तो काढला की हा जातो." आणि त्याने पुन्हा पाय उपसायचा प्रयत्न केला. डुबुक असा आवाज झाला आणि तो आणखी वीतभर खाली गेला.

अनुष्का फळ्यांवर पालथी पडली. "बाबा, हलू नकोस! जितकं हलशील तितकं आत जाशील. स्टॉप!"

ती मराठीत बोलली हे तिच्याही लक्षात आलं नसावं. रमण मात्र थांबला. मी माझं जॅकेट काढून त्याला पीळ घालू लागलो, दोर करायला.

"थांबा जयवंत," स्नेहलता म्हणाली. ती फळीच्या कडेला उकिडवी बसली, अगदी त्याच्या समोर. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्यासमोर उभा आहे आणि कुठे जात नाहीये. बोलूनच घेते. कुणाला फोन करत होतास?"

"स्नेहा, आधी बाहेर—"

"कुणाला?"

रमणने इकडेतिकडे पाहिलं. डोंगर दिसत नव्हता. पाण्याची बाटली माझ्याकडे होती.

"पर्थ," तो म्हणाला.

"माहितेय."

"माहितेय?"

"नवी टेप आणलीस खोक्यांना. मला काय डोळे नाहीत? कधी कळवायचंय?"

"सोमवारी."

पालथी पडलेली अनुष्का उठून बसली. "यू प्रॉमिस्ड," एवढंच म्हणाली.

"मी नाही येणार," स्नेहलता म्हणाली. ओरडली नाही, मी होतो म्हणून असेल. "तुला जायचंय तर जा. मी या वर्षी कायम झालेय रे. ती मुलं सकाळी दारात माझ्या नावाने हाक मारतात. मागच्या सगळ्या ठिकाणी मला 'आज कुणाच्या जागी आलात' असं विचारायचे. फिजोआला फळ धरल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"असं काय करतेस? मी आधी पुढे जाऊन बघतो. तुम्ही दोघी राहा इथे. मी येतो ना अधूनमधून. दर महिन्याला येतो."

"व्हिच येतो?" अनुष्का म्हणाली.

रमण स्नेहलताकडे बघू लागला.

"नाही, सांग ना. कुठला येतो? कमिंगवाला की गोइंगवाला?" तिचा आवाज चिरकला. "जायचंय तर जातो म्हण. से इट."

"अनुष्का!" स्नेहलता दचकून म्हणाली. "असं म्हणायला लावू नये गं." नवऱ्यावर ती इतकी चिडली होती, तरी तो शब्द त्याच्या तोंडून यायला नको होता तिला.

रमणने तोंड उघडलं. "जा—" इतकं आलं. मग त्याने खाली पाहिलं, जिथे त्याचे गुडघे असायला हवे होते तिथे. काळं पाणी त्याच्याभोवती स्थिर झालं होतं. मघापासून तो हलला नव्हता, आणि मघापासून आणखी खालीही गेला नव्हता. हे बहुधा त्याच्याही ध्यानात आलं. 'तो' काही बाहेर पडला नाही. आम्ही वाट बघितली. त्याने तोंड मिटलं.

"फोन," अनुष्का हात पुढे करून म्हणाली. "दोन्ही हात लागतील. टाक इकडे."

त्याने फोन टाकला. तिने झेलला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात घालून चेन लावली.

"आता बस."

"काय?"

"सिट डाउन. मागे रेल. वजन पसरलं की पाय सुटतात. मिसनी सांगितलंय."

"यात बसू?"

"बस की रे जरा," स्नेहलता म्हणाली.

आणि रमण बसला. काळ्या गार पाण्यात, शेवाळाच्या गादीवर, पाटावर बसावं तसा. मग हळूहळू मागे रेलला. मी जॅकेटची बाही टाकली, त्याने धरली. अनुष्काच्या सूचनांबरहुकूम तो पाय इंचइंच वळवू लागला, घाई न करता, आणि हे करायला त्याला किती कष्ट पडत होते ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. पहिला पाय सुटला. दुसरा सुटता सुटेना.

"आलो," तो म्हणाला. अजून तिथेच होता. "आलो, आलो."

स्नेहलताने त्याचा हात धरला आणि ओढलं.

दुसरा पाय आला, पण बूट आला नाही. रमणने खाली वाकून चाचपायला सुरुवात केली तशी अनुष्काने त्याला कॉलरला धरून फळीवर घेतलं. वाट सोडून गेल्याबद्दल, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारी माती तुडवल्याबद्दल, आणि आणखी कशाकशाबद्दल ती त्याला बोलली. हे सगळं इंग्रजीत, भरभर, डोळे पुसत. बूट मात्र आता तिथेच राहील, म्हणाली. काही कुजत नाही. शेकडो वर्षांनी कुणीतरी उकरून काढेल. आमच्या ओळखीच्यांपैकी न्यूझीलंडमध्ये इतकं पक्कं कुणी स्थायिक झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

परतताना गाडी स्नेहलताने चालवली. रमण मागच्या सीटवर, माझ्या कोरड्या स्वेटरमध्ये, सीटवर अंथरलेल्या कचऱ्याच्या पिशवीवर बसला होता. नुसता बसला होता. वाइउरू गावाच्या आसपास सिग्नल आला. अनुष्काच्या जॅकेटमध्ये फोन एकदा वाजला, पाठोपाठ तीनदा. रमणचा हात उठला. मांडीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

तायहापेत शेतीसामानाचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. "थांबव जरा," रमण म्हणाला. एका पायात पांढरा, म्हणजे पूर्वी पांढरा असलेला बूट आणि दुसऱ्या पायात चिखलाचा मोजा अशा अवतारात तो आत गेला. मागे स्नेहलता, मागे मी. गल्ल्यावरच्या बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता गमबुटांच्या रांगेकडे बोट केलं. या गावाला असं गिऱ्हाईक नवं नसावं.

त्याने एक घातला. दुसरा घातला. चालून पाहिलं. फटक, फटक.

"पर्थला पाऊस फार नसतो ना?" स्नेहलताने विचारलं. ती शेजारच्या फळीवरचं खताचं पाकीट वाचत होती.

"नसतो."

"मग हे तिथे काय करायचे?"

"तिथे कशाला लागतील?" रमण म्हणाला.

स्नेहलताने खताचं पाकीट उचललं. फिजोआसाठी चालेल का, असं तिने बाईंना विचारलं. त्या चालेल म्हणाल्या. मग गमबुटांचं रिकामं खोकं हातात धरून त्यांनी रमणला विचारलं, हे पण हवंय का?

रमणने खोक्याकडे पाहिलं. चांगलं जाड खोकं होतं, कोपरे शाबूत.

"नो, थँक्स," रमण म्हणाला.

बाहेर अनुष्काने हॉर्न वाजवला.

"आलो!" रमण ओरडला, आणि आरशासमोर उभा राहून गमबुटांकडे बघत राहिला.